कवटी मागून दाखवा

आचान पायरोटला मी आजही आचानच म्हणते. आमच्याकडे शिकवणाऱ्या माणसाला तसंच म्हणतात, आणि तोंडाची सवय जात नाही. मनात त्याच्यासाठी जो शब्द येतो तो विहाराच्या आवारात उच्चारता येत नाही, आणि ही हकीकत बरीचशी विहाराच्या आवारातलीच आहे.

माझं नाव लम्दुआन. तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात मी एकोणीस वर्षं एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढले. मोटारसायकलवरून पडलेले, पोटात गाठ घेऊन आलेले, खोकून खोकून बरगडी मोडलेले, सगळे माझ्या टेबलावर झोपून गेलेत. माणसाला न कापता त्याच्या आत काय आहे ते दाखवायचं, एवढंच माझं काम. त्या कामाचा मला अभिमान होता. होता म्हणते.

माझं गाव बान हिनदेंग; हिनदेंग म्हणजे तांबडा दगड. गावच्या विहारात बोधिवृक्षाखाली एक तांबडा दगड आहे, चांगल्या फणसाएवढा. माझ्या जन्माआधी तळं खणताना तो निघाला, तेव्हा त्याच्या एका टोकाला चार काळे चकचकीत दात दिसत होते. खणणाऱ्यांनी कुदळी खाली टाकल्या आणि हात जोडले. आत नागराजाचं डोकं आहे, असं गावाने ठरवून टाकलं. तेव्हापासून त्याला फुलं, उदबत्ती, लाल सरबताची बाटली, आणि दर उपोसथाला, म्हणजे महिन्यातल्या चार व्रताच्या दिवशी, मोगऱ्याच्या पाण्याची आंघोळ. आंघोळ घालायची ती पा सायबुआने. पा म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं.

आचान गावात आला त्याला आता चार वर्षं झाली. शहरातल्या एका विद्यापीठात तो जीवाश्मांवर शिकवायचा. दात बघून त्याचे डोळे लकाकले. हा मगरीच्या कुळातला प्राणी आहे, तेरा कोटी वर्षांपूर्वीचा, असं म्हणाला, आणि दगड प्रयोगशाळेत न्यायला मागितला. आमच्या विहाराचे प्रमुख भिक्खू लुआंगपो इन यांनी सरळ नकार दिला. डोंगरावरची हाडं पूर्वीही लोक 'तपासायला' म्हणून घेऊन गेले होते. त्यातलं एकही परत आलं नव्हतं.

मग तो माझ्याकडे हॉस्पिटलात आला. आमच्या अख्ख्या विभागाला बर्फाची कॉफी घेऊन आला.

"नोंग लम्दुआन," तो म्हणाला. नोंग म्हणजे धाकटी बहीण. ओळख पाच मिनिटांची, आणि मी धाकटी बहीण! "आमच्या गुरूंच्या गुरूंच्या काळी काय करायचे ठाऊक आहे? जीवाश्म एकेक थर घासत जायचे आणि प्रत्येक थराचं चित्र काढायचे. शेवटी हातात चित्रं राहायची आणि हाडाचा भुगा व्हायचा. आता तुझ्या मशीनने दगडावर ओरखडाही न उठता आतलं सगळं दिसतं. तू समजाव लुआंगपोंना. गावची लेक आहेस, तुझं ऐकतील. आणि लेख छापून आला की त्यात तुझं नाव असेल."

मी भुलले. लपवून काय करू?

लुआंगपोंनी मला समोर बसवून विचारलं, "फोडणार?"

"नाही, लुआंगपो."

"भोक पाडणार?"

"नाही."

"खरवडणार? आम्ल लावणार?"

"हातसुद्धा लावणार नाही. किरण आरपार जातात, बस्स. माझी जबाबदारी."

"तुझी जबाबदारी," ते म्हणाले. "मग ने."

रविवारी दुपारी, बाह्यरुग्ण विभाग बंद असताना, चौघांनी दगड गोधडीत गुंडाळून टेबलावर ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी तोंडी परवानगी दिली होती. रुग्णाचं नाव घातल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मी नाव घातलं, श्री. हिन देंग. लिंग पुरुष. वयाच्या रकान्यात तीनच आकडे मावत होते, तेव्हा ९९९. पा सायबुआ हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

दगड घट्ट. माणसाला लागतो त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागला. मध्ये मध्ये मशीनची किरणांची नळी तापायची, की थांबायचं, थंड होऊ द्यायची, पुन्हा सुरू. पहिल्या चित्रांत लोहाचे काळे पट्टे आले. सहाव्या खेपेला मात्र पडद्यावर ती कवटी उभी राहिली. कोपरापासून मनगटापर्यंत असते एवढी लांब. जबडा मिटलेला. प्रत्येक दाताच्या मुळाशी एक छोटा दात, वर यायची वाट बघत बसलेला.

"अगं बाई," पा पुढे वाकून म्हणाली, "लहान आहे गं हा. याचे दात अजून पडायचेत."

मागच्या बाजूला, जिथे कान असतो तिथे, केसाएवढ्या बारीक तीन कमानी होत्या. आतल्या कानाच्या नळ्या. एवढ्या वर्षांत, डोंगराखाली दबून, एकही मोडली नव्हती. एकोणीस वर्षांत मी हजारो कान पाहिलेत, पण असा नाही.

आचानला मी तीन-तीन मिलिमीटरच्या अंतरावरची चित्रं डिस्कवर घालून दिली. हॉस्पिटलात सगळ्यांना तीच देतात. बारीक अंतराची मूळ चित्रं फार मोठी होती. ती मी घरच्या डिस्कवर ठेवली, पा सायबुआला पुन्हा बघायची होती म्हणून.

सात महिन्यांनी, पावसाळ्यात, दगडावर शेवाळ धरलं आणि मिठासारखी पांढरी पुटं आली. आचानचं पत्र आलं, विद्यापीठातर्फे सफाई करून देतो, आठ दिवसांत परत, वर नवा चौथरा भेट. लुआंगपो कचरले. त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "द्या, लुआंगपो. माहितीचा माणूस आहे."

हे वाक्य माझं आहे. ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी घालत नाही.

दहा दिवसांनी दगड परत आला. स्वच्छ, तकतकीत, सोनेरी रंगाच्या चौथऱ्यावर सिमेंटने पक्का बसवलेला. सोबत सभामंडपासाठी दोन पंखे. गावाने आचानच्या मनगटाला आशीर्वादाचे पांढरे दोरे बांधले, त्याला चिकट भात आणि भाजलेली कोंबडी जेवू घातली. मी स्वतः वाढलं.

त्यानंतरच्या दुसऱ्याच उपोसथाला पाने मला फोन केला. "दात बदललेत गं."

"काय बदललंय?"

"नागराजाचे दात. पूर्वी हात लावला की गार लागायचे, दगडाहून गार. आता शर्टाच्या गुंडीसारखे लागतात."

"घासून स्वच्छ केलेत म्हणून तसं वाटतं, पा."

"चाळीस वर्षं न्हाऊ घालतेय मी त्याला. मला शिकवू नकोस."

मी हसले. गावातही सगळे हसले. पाचे डोळे अधू झालेत, आता बोटंही अधू झाली, असं सोमतमच्या, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या, गाडीवर लोक म्हणायचे. ती दर उपोसथाला सांगत राहिली. आठ-नऊ महिने सांगत राहिली. शेवटी एक दिवस तिने आंघोळ घालायचंच थांबवलं. पाण्याचं भांडं चौथऱ्याजवळ आपटलं आणि म्हणाली, "याला मी पाणी घालणार नाही. हा तो नाही."

तेव्हा मी गेले. नख लावून पाहिलं. दाताला नखाची खूण पडली.

हाडाला पडत नाही. दगडाला तर नाहीच.

लुआंगपोंच्या देखत दोन भिक्खूंनी छिन्नीने चौथरा फोडला. दगडाला धक्का लागू दिला नाही. पुन्हा रविवार, पुन्हा चौघं, पुन्हा गोधडी. या वेळी लुआंगपो स्वतः काचेमागे माझ्याजवळ उभे राहिले.

पहिल्याच चित्रात कळलं. जिथे कवटी होती तिथे सपाट करडा लगदा होता, आणि लगद्यात गोल गोल काळे बुडबुडे. दगडात बुडबुडे नसतात. राळ आणि दगडाची भुकटी कालवून ओतली की होतात. लगद्याभोवती सरळ रेघा, काटकोनात वळलेल्या. तळातून करवतीने चौकोनी ठोकळा कापून काढला होता आणि भोक बुजवून वर चौथरा चढवला होता. चार दात तर पडद्यावर धड दिसतही नव्हते. प्लास्टिक.

मी जुनी चित्रं शेजारी लावली. डाव्या बाजूला मिटलेला जबडा, उजव्या बाजूला लगदा.

"किती दिवस झाले?" लुआंगपोंनी विचारलं.

"दहा महिने."

"दहा महिने आपण भुकटीला फुलं वाहिली," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

समोर आचान असता तर त्या टेबलावर त्याला पट्ट्यांनी बांधला असता. मी तिथूनच फोन लावला.

त्याने नाकारलं नाही, याचाच मला जास्त संताप आला. "नोंग, जरा शांत हो," तो म्हणाला. आवाज कसा, तर मुलीचा पेपर अवघड गेलाय आणि हा तिची समजूत काढतोय. "दगड तुमच्याकडे आहे ना? पूजा अडली का? आत काय आहे याने गावाला काय फरक पडतो? जगाला पडतो. तिथे पावसात झिजून जायचा एक दिवस."

"मी शब्द दिला होता त्यांना! फोडणार नाही म्हणून!"

"फोडला कुठे? अगदी नेमका काढला. तुझ्याच चित्रांवर खुणा केल्या होत्या. तुझ्याशिवाय जमलंच नसतं. पुढच्या महिन्यात विद्यापीठात अनावरण आहे, आभाराच्या यादीत तुझं नाव घातलंय."

मी फोन ठेवला. तुझ्याशिवाय जमलंच नसतं. चोराला घराचा नकाशा काढून देणाऱ्या बाईला आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. विद्यापीठातून त्यांना फोन गेला होता. "दगड स्कॅन करायला तुला परवानगी कुणी दिली?"

"तुम्ही, सर."

"लेखी आहे?"

"तोंडी दिली होतीत, सर."

"नाही ना? मग ही चित्रं पुसून टाक आणि विषय संपव. नाहीतर बदलीची फाइल माझ्या टेबलावर आहे."

मी चित्रं पुसली नाहीत. सगळी मोठ्या फिल्मवर छापली आणि उपोसथाच्या सकाळी सभामंडपात दोरीवर टांगली. पहिल्या ओळीत आधीची, दुसऱ्या ओळीत नंतरची. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लोक एका ओळीपासून दुसरीकडे जायचे आणि त्यांचे चेहरे बदलायचे.

मग राग माझ्यावर आला. यायलाच हवा होता. सरपंच खमपुन म्हणाला, "किरण आरपार जातात म्हणालीस. किरण गेले ते गेले, त्यांच्या मागून करवत आली! आम्हाला नागराज दिसत नव्हता तेव्हा तो सुरक्षित होता. तू दाखवलास."

"हो," मी म्हणाले. "मी दाखवला."

"मग आता कशाला रडतेस?"

"मी रडत नाहीये, खमपुन. माझं डोकं फिरलंय."

"भांडायचंय तर शहरात जाऊन भांडा!" पा मागून ओरडली. "इथे एकमेकांची डोकी फोडून तो काय परत येणार आहे? गाड्या काढा."

अनावरणाच्या दिवशी आम्ही चार पिकअप भरून गेलो. दगड माझ्या गाडीत होता. विद्यापीठाच्या पहारेकऱ्याने अडवलं, पण पुढच्या गाडीत लुआंगपो काषाय वस्त्रात बसलेले. त्याने हात जोडले आणि फाटक उघडलं.

सभागृहात आचान मंचावर होता, रेशमी कोटात. शेजारी काचेच्या पेटीत आमची कवटी, साफ केलेली, काळी, सुंदर. हो, सुंदर होती, आणि ते बघून मला आणखी चीड आली. मागच्या पडद्यावर माझंच चित्र झळकत होतं. कोपऱ्यातलं हॉस्पिटलचं नाव कापलेलं. तो सांगत होता, "हा नमुना एका गावाने विद्यापीठाला दान केला."

लुआंगपो मधल्या वाटेने चालत पुढे गेले. त्यांच्यासाठी सगळे उठून उभे राहिले, आचानही.

"दानाचा कागद दाखव," लुआंगपो म्हणाले.

त्याने दाखवला. तयारीत होता तो. पहिल्या रांगेत जीवाश्मांच्या नोंदणीचं काम बघणारी एक सरकारी अधिकारी बाई बसली होती. तिने कागद घेतला. "सही आपली आहे, लुआंगपो?"

"सही माझी आहे. दगड न्यायला हा आला तेव्हा माझ्याजवळ चष्मा नव्हता, म्हणून यानेच मला वाचून दाखवलं. जे वाचलं त्यात शेवाळ होतं, मीठ होतं, आठ दिवस होते. दान नव्हतं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आचान हसला. "गैरसमज आहे. आत आलेल्या भेगांमुळे नमुना बाहेर काढणं भागच होतं. काढताना त्याला काडीचाही धक्का लागलेला नाही. तज्ज्ञांनी बघावं."

मी मंचावर चढले. एवढ्या लोकांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. एवढंच तोंडातून निघालं, "कवटी मागून दाखवा."

"नोंग, ही जागा नव्हे…"

"मी तुमची नोंग नाही. मागून दाखवा."

तो हलला नाही. पेटी फिरत्या पाटावर होती. अधिकारी बाईंनीच उठून पाट फिरवला.

मागची बाजू चाकूने कापलेल्या साबणासारखी सपाट होती. समोरून दिसू नये म्हणून मखमल लावली होती, ती फिरवताना घसरली. करवत कवटीच्या मागच्या भागातून गेली होती. कान दुभंगला होता. तीन मिलिमीटरच्या चित्रांवर खुणा केल्या आणि दोन चित्रांच्या मधे काय आहे ते बघायची तसदी घेतली नाही. एकदा फोन करून विचारलं असतं, तर बारीक चित्रं माझ्या घरी कपाटात होती. पण चोरीला निघालेला माणूस विचारेल कसा?

मी जुनी फिल्म दिव्यासमोर धरली. "हा कान अख्खा होता. या तीन कमानी. एकही मोडली नव्हती. याचा उरलेला भाग कुठे आहे, आचान?"

तो घसरलेली मखमल सरळ करायला लागला.

"झाडून टाकलात ना? पाण्याबरोबर मोरीत गेला. आता हा कान अख्खा असा फक्त या चित्रात आहे."

खाली पिकअपमध्ये झाकलेला दगड, वर ही सपाट पाठ. अधिकारी बाईंनी दोन्हींची मापं घेतली आणि पेटीला तिथल्या तिथे मोहर लावली. घोषणा नाही, टाळ्या नाहीत. लोक चहा न पिताच उठले.

कवटी गावात परत यायला अकरा महिने लागले. चौकशी समिती बसली, उठली, पुन्हा बसली. आचानने मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्याला निरोपसमारंभ मिळाला, शाल मिळाली. मला सीमेजवळच्या दवाखान्यात बदली मिळाली. तिथे छातीचे एक्स-रे निघतात, बाकी काही नाही. घरापासून एकशे साठ किलोमीटर.

गेल्या वर्षी तो विहारात आला. फुलांचं तबक घेऊन गुडघ्यांवर सरकत लुआंगपोंपुढे गेला आणि क्षमा मागितली. लुआंगपोंनी दिली. त्यांना द्यावीच लागते, आणि मला वाटतं त्यांनी मनापासून दिली. मग तो माझ्याकडे वळला.

"लम्दुआन, ती बारीक अंतराची चित्रं… कानाचा भाग. त्यावाचून लेख पुरा होत नाही."

म्हणजे यासाठी आला होता. तबक बिबक सगळं यासाठी.

पा शेजारी बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं. "काय मागतोय?" तिने मोठ्याने विचारलं.

"चित्र मागताहेत, पा. कानाचं."

"कान यानेच कापला ना?"

"हो."

"मग चित्र कशाला? मोरीत शोध म्हणावं."

मंडपातले लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. तो उठला, वाकून नमस्कार केला आणि गेला. मी त्याला निरोप द्यायला उठले नाही. लुआंगपो नंतर मला म्हणाले, "राग सोड, पोरी." मी म्हणाले, "प्रयत्न करते, लुआंगपो." खोटं बोलले, तेही विहारात.

चित्रं मी दिली, पण दुसऱ्याच एका विद्यापीठातल्या बाईंना. नाव सोमजित. अट एकच घातली, काही लिहायच्या आधी गावात येऊन सगळं आम्हाला दाखवायचं. त्या आल्या. चटईवर मांडी घालून तीन तास बसल्या, पला रा, म्हणजे आंबवलेली मासळी, घातलेलं सोमतम खाल्लं, तिखटाने डोळ्यांतून पाणी काढलं. कानाच्या कमानींवरून त्यांनी सांगितलं की हा प्राणी डोकं पाण्यावर स्थिर धरून पोहत असावा, आणि कानाच्या नळीच्या लांबीवरून, की त्याला खोल, घुमणारे आवाज चांगले ऐकू येत असावेत.

"विहारातला ढोल ऐकू आला असेल?" पाने विचारलं.

सोमजितबाई हसल्या नाहीत. "जिवंत असता तर नक्की आला असता, पा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वही काढली आणि दगड कुणाच्या शेतात, कोणत्या बाजूला, किती खोल सापडला, हे पाला विचारायला लागल्या. इतक्या वर्षांत हे पाला कुणी विचारलं नव्हतं. पाने सगळं सांगितलं, कुदळ कुणाची होती इथपर्यंत. बाईंनी कुदळवाल्याचं नावही लिहून घेतलं.

माझा बदलीविरुद्धचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला आहे. चौथा टाइप करून तयार आहे. सोमवारी टाकणार.